क्लीनिंगच्या रात्रीचं गटार: एका साखर कारखान्याच्या पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रकरण

अप्पांनी बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि बसा म्हटलं तरी उभेच राहिले. एक लिटरची बाटली, लेबल खरवडून काढलेली, आत कोऱ्या चहासारखं पाणी. झाकण उघडलं तसा कुजक्या अंड्याचा वास खोलीभर झाला.

“सायेब, आमच्या हिरीचं हाय. बैलं तोंड लावंनात. काल दोन बारी नेली, दोन्ही बारी माघारी आली.”

अप्पा कारखान्याचे जुने सभासद. त्यांचा ऊस वर्षानुवर्षं आमच्याच गव्हाणीत पडलेला. शेत कारखान्याच्या मागच्या ओढ्याला लागून, आणि विहीर तर काठापासून चार पावलांवर. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आयएसओ 14001 चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. अप्पांचं तिकडे लक्षही गेलं नाही. माझं मात्र गेलं, आणि त्या दिवसापासून त्या कागदाकडे मला पूर्वीसारखं बघता आलं नाही.

मी तेव्हा कारखान्याच्या ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा केमिस्ट होतो. पुढे जे सांगतोय त्यातल्या चुकीत माझाही वाटा आहे. कारखान्याचं नाव देत नाही. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरचा एक सहकारी कारखाना, रोजचं गाळप 2,500 टन, डिस्टिलरी नाही, एवढी ओळख पुरे.

पाण्याचा हिशेब

आमच्या भागात पाण्यावर बोलताना 2016 च्या उन्हाळ्यापासूनच सुरुवात होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. स्टेशनवर लोक हार घेऊन उभे होते.

त्याच वर्षी जानेवारीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने साखर उद्योगासाठी सांडपाण्याची नवी मानकं लागू केली होती. एक टन ऊस गाळल्यामागे प्रक्रिया केलेलं सांडपाणी जास्तीत जास्त 100 लिटर, आणि गरम पाणी थंड करणाऱ्या स्प्रे पॉन्डचं किंवा कूलिंग टॉवरचं जादा पाणी आणखी 100 लिटर. दोन्ही मिळून 200. कारखान्याबाहेर पाणी जाण्याची जागा एकच असली पाहिजे, हीही अट त्यातच होती.

आता 2,500 टनांना 200 ने गुणा. पाच लाख लिटर होतात. ज्या पहिल्या गाडीसाठी लातूर डोळे लावून बसलं होतं, तेवढं पाणी आमच्या आकाराच्या कारखान्याला नियमाप्रमाणे रोज बाहेर सोडता येतं. हा गुणाकार मी पहिल्यांदा वहीच्या मागच्या पानावर केला, तेव्हा चुकलो असेन असं वाटून पुन्हा केला होता.

दुसरा हिशेब याहून मोठा आहे. उसात साधारण सत्तर टक्के पाणीच असतं. म्हणजे 2,500 टन उसाबरोबर रोज साडेसतरा लाख लिटर पाणी बैलगाड्यांतून आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून कारखान्यात येतं. त्यातलं काही बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात, ओलावा म्हणून राहतं. बाकीचं रस आटवताना वाफ होऊन निघतं आणि त्या वाफेचं कंडेन्सेट, म्हणजे पुन्हा पाणी, होतं. ते नीट गोळा केलं, थंड केलं आणि पुन्हा वापरलं, तर हंगाम एकदा सुरळीत लागल्यावर कारखान्याला धरणाकडे हात पसरायची फारशी गरज राहत नाही. आम्ही मात्र तलावावरची मोटर हंगामभर चालू ठेवायचो आणि गरम कंडेन्सेट गटारीत सोडायचो. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं, मलाही नाही.

चार दिवसांपूर्वीची रात्र

बाटली आली त्या दिवशी सकाळी मी आधी लॉगबुक काढलं. चार दिवसांपूर्वी रात्रपाळीला इव्हॅपोरेटरचं क्लीनिंग झालेलं होतं.

ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रस ज्या मोठ्या पात्रांत आटवतात त्यांना आम्ही बॉडी म्हणतो. काही आठवडे चालल्यावर बॉडीच्या नळ्यांना आतून क्षारांचं कडक स्केल बसतं आणि वाफेची उष्णता रसापर्यंत पोहोचेनाशी होते. मग गाळप थांबवून बॉडीत कॉस्टिक सोड्याचं द्रावण काही तास उकळायचं, ते सोडून द्यायचं, पाण्याने धुवायचं, नळ्यांतून ब्रश फिरवायचा आणि पुन्हा धुवायचं. गाळप बंद म्हणजे यार्डात गाड्यांची रांग, रांग म्हणजे उसाचं वजन घटणार, उतारा पडणार, शेतकी विभागाचे फोन सुरू होणार. त्यामुळे क्लीनिंगच्या रात्री प्रत्येक जण घड्याळाकडे बघून काम करतो. बॉडी लवकर रिकामी करायची तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. त्या रात्रीही तसाच उघडला. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. त्यांना शिकवलेलं काम त्यांनी चोख केलं होतं.

ते द्रावण गटारीतून ईटीपीच्या इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे सगळं सांडपाणी आधी जिथे एकत्र येतं तिथे, आलं. टाकी आधीच भरलेली होती, कारण त्याच रात्री मिल हाऊसवाल्यांनी बंदचा फायदा घेऊन फरशी पाइप लावून धुतली होती. टाकी ओसंडली. ओसंडलेलं पाणी बाजूच्या जुन्या पावसाळी चरात उतरलं आणि चरातून ओढ्यात गेलं. जानेवारीत ओढ्याला धार नसते, डबकी असतात. पाणी डबक्यात साचलं, सडलं, काळं पडलं, मुरमातून झिरपलं आणि विहिरीत पोहोचलं.

जे टाकीत राहिलं त्याने आणखी एक नुकसान केलं. एरेशन टाकीतले, म्हणजे हवा सोडत ठेवलेल्या टाकीतले, जिवाणू मेले. ईटीपी म्हणजे पंप आणि काँक्रीट असं लोकांना वाटतं. खरं काम करतात ते जिवाणू. हंगामाच्या आधी महिनाभर आम्ही त्यांना शेणकाला, युरिया, डीएपी आणि पातळ केलेली मळी घालून वाढवतो. गाळपाच्या एक महिना आधी ईटीपी स्थिर झालेला असावा, असं मानकांतही आहे. कॉस्टिकचं द्रावण त्यांना काही तासांत संपवतं. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये एरेशन टाकीचं पाणी भरून अर्धा तास ठेवलं, की चांगल्या दिवशी तपकिरी गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. त्या आठवड्यात सिलिंडर लावला तर सगळं पाणी गढूळ, करड्या रंगाचं, गाळ तरंगता. म्हणजे एका रात्रीपुरती ही गोष्ट नव्हती. पुढचे किती तरी दिवस अर्धवट प्रक्रिया झालेलं पाणी बाहेर जात राहिलं.

ही गोष्ट मला चार दिवस कळली नाही, कारण मी बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्या चाचणीच्या, अहवालाची वाट बघत होतो. बीओडीची चाचणी 27 अंशांवर तीन दिवस चालते. अहवाल हातात येईपर्यंत पाणी ओढ्यात पोहोचून सडलंही होतं.

एमडी साहेबांना त्याच दुपारी बाटली दाखवली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि दोन गोष्टी केल्या, त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. अप्पांच्या जनावरांसाठी कारखान्याचा टँकर लावला, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र आपणहून पाठवायला सांगितलं. संध्याकाळी मला म्हणाले, “आपल्याकडं सर्टिफिकेट आहे ना? मग त्या फायलीत याबद्दल काय लिहिलंय ते वाचून या.”

फायलीत काय लिहिलं होतं

त्या रात्री मी फाइल पहिल्या पानापासून वाचली. तोवर तिची शेवटची पानं, म्हणजे सह्यांची, तेवढीच माझ्या हाताखालून गेली होती.

आयएसओ 14001 हे मानक 1996 मध्ये पहिल्यांदा आलं, 2004 आणि 2015 मध्ये सुधारलं. अमुक मिलिग्रॅमच्या आत पाणी आणा असं त्यात कुठेही नाही. मर्यादा कायदा ठरवतो: 1974 चा जल कायदा, 1981 चा हवा कायदा, 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा, आणि मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी. मानक संस्थेला विचारतं की तुमच्या कामाचा हवा-पाणी-जमिनीशी कुठे कुठे संबंध येतो ते तुम्ही शोधलंय का, त्यातलं महत्त्वाचं कोणतं हे ठरवलंय का, त्यावर कोण काय करणार आहे, केलं की नाही हे कोण तपासतं, आणि चुकलं तर पुढच्या वेळी काय बदलतं. या संबंधाच्या जागांना पर्यावरणीय पैलू म्हणतात. त्यांची यादी म्हणजे पैलू नोंदवही, आणि सगळी व्यवस्था या वहीवर उभी असते.

आमची वही एका सल्लागाराने करून दिली होती. तिच्यात रंगकामातून निघणाऱ्या गाळाची नोंद होती. आमच्याकडे रंगकामाचा विभागच नाही. वाळूजच्या एखाद्या वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीची वही समोर ठेवून आमची भरली गेली असावी. सांडपाण्याची नोंद होती ती एका ओळीची: “प्रक्रियेतून सांडपाणी निर्माण होते, ईटीपीमध्ये प्रक्रिया केली जाते, महत्त्व: मध्यम.” क्लीनिंगचा उल्लेख कुठेच नव्हता.

मानकात मात्र स्पष्ट म्हटलंय की पैलू शोधताना नेहमीच्या परिस्थितीबरोबर असाधारण परिस्थितीही धरा, आणि ज्यांचा अंदाज बांधता येतो अशा आणीबाणीच्या घटनाही धरा. क्लीनिंग ही नेमकी असाधारण परिस्थिती आहे. हंगामात ती अनेकदा येते, तारीख आधी माहीत असते, काय होणार तेही माहीत असतं. तरी आमच्या वहीत कारखाना रोज एकसारखाच चालत होता.

दुसरी उणीव मला जास्त लागली. आपल्या कामाचा ज्यांच्याशी संबंध येतो त्यांची यादी करा, असं 2015 च्या आवृत्तीत आहे. आमच्या यादीत ग्राहक, सरकार, बँक, संचालक मंडळ आणि कर्मचारी होते. ओढ्याच्या खालच्या अंगाला शेती असलेले शेतकरी नव्हते. सहकारी कारखान्यात ते मालक आहेत. सर्वसाधारण सभेत आम्ही त्यांना हात वर करायला लावतो. त्यांची विहीर मात्र आमच्या कागदावर कुठेच नव्हती.

गटारींच्या मागे

हंगाम संपल्यावर नवी वही करायचं ठरलं, आणि ती टेबलावर बसून करायची नाही हेही. एप्रिलच्या उन्हात आम्ही चौघे निघालो: मी, चीफ इंजिनिअर, बॉयलिंग हाऊसचा एक शिफ्ट इन्चार्ज आणि निवृत्तीला आलेले एक फिटर मामा. कारखान्याचा आराखडा हातात होता, पण दहा मिनिटांत तो गुंडाळून ठेवला. मामा म्हणाले, “कागदावर हाय ती लाइन कवाच बुजलीय. खरी लाइन हिकडून जाती.”

मामांच्या म्हणण्यावरही न थांबता आम्ही पाणी वाहून बघितलं. टँकर लावला, लॅबमधून पोटॅशियम परमँगनेट घेतलं, एकेका जागी चिमूटभर टाकून पाणी सोडायचं आणि गुलाबी पाणी कुठे निघतं ते शोधत फिरायचं. इव्हॅपोरेटरखालचं पाणी ईटीपीत आलं. मिल हाऊसचं आलं. बॉयलरच्या बाजूचं बराच वेळ कुठेच दिसेना. मग कुंपणाबाहेरून ओढ्याच्या पुलाखालून वॉचमनची हाक आली. एका तुटक्या सिमेंट पाइपातून गुलाबी धार ओढ्यात पडत होती.

आम्ही सगळे तिथे उतरलो. पाइपाच्या तोंडाशी काळा, तेलकट थर बसलेला होता, बोटभर जाड. तो एका क्लीनिंगचा नव्हता. तिथे कुणीच काही बोललं नाही. शिफ्ट इन्चार्जने काडीने तो थर उकरला, हाताला लागलेलं तेल दगडाला पुसलं आणि म्हणाला, “म्हणजे ईटीपी बरोबर चालला असता तरी हे जातच होतं.”

मंडळाच्या कागदांवर आमचं बाहेर पडणारं तोंड एकच होतं. प्रत्यक्षात दोन होती, आणि पावसाळी चर धरला तर तीन. पाइप त्याच आठवड्यात काँक्रीटने बंद केला.

त्या फेरीतून जी वही तयार झाली ती आधीच्या निम्म्याने पातळ होती. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने: रोजच्या कामात काय, क्लीनिंग किंवा बंदच्या वेळी काय, आणि घात झाला तर काय. चौथा रकाना माणसाचा. तिथे विभागाचं नाव चालणार नाही, त्या पाळीतल्या माणसाचं पद हवं, असा आग्रह चीफ इंजिनिअरांनी धरला. “विभाग व्हॉल्व्ह फिरवत नाही,” असं ते म्हणाले. तो व्हॉल्व्ह कुणाच्या हातात आहे हे लिहिल्याशिवाय ओळ पुरी होत नाही, हे मला त्या बैठकीत पटलं आणि आजही पटतं. 2015 च्या मानकाने ‘व्यवस्थापन प्रतिनिधी’ हे वेगळं पद सक्तीचं ठेवलं नाही. पूर्वी सगळं त्या एका माणसाच्या गळ्यात असायचं आणि बाकीचे मोकळे राहायचे.

काय बदललं

सगळ्यात मोठा बदल एका जुन्या टाकीने झाला. बॉयलिंग हाऊसमागे मळीची एक वापरात नसलेली टाकी होती. ती दुरुस्त करून वापरलेल्या कॉस्टिकसाठी ठेवली. बॉडीतलं द्रावण आता गटारीत जात नाही, पंपाने या टाकीत जातं. गाळ खाली बसतो, वरचं द्रावण पुढच्या क्लीनिंगला ताकद वाढवून पुन्हा वापरता येतं. खरेदी विभागाला कॉस्टिकची मागणी घटलेली दिसली, तेव्हा जे लोक पर्यावरणाच्या बैठकीला येत नसत तेही यायला लागले. शेवटी जे टाकून द्यावंच लागतं ते पुढचे कित्येक दिवस थेंबाथेंबाने, सामू म्हणजे पीएच तपासत, ईटीपीत सोडायचं.

सामूसाठी मी फिटरांना, बॉडीवरच्या माणसांना पीएच पेपरच्या पट्ट्यांची पुस्तकं वाटली. काडेपेटीएवढी वस्तू. गटारीत पट्टी बुडवायची, निळी-जांभळी झाली तर फोन करायचा. तीन दिवसांच्या बीओडीपेक्षा या तीन सेकंदांच्या पट्टीने आम्हाला जास्त वाचवलं. ऑनलाइन मीटर होतेच, पण ते शेवटच्या तोंडाशी असतात. त्यांनी दाखवलं तेव्हा पाणी निघून गेलेलं असतं.

मिल हाऊसमध्ये बेअरिंगखाली तेल धरायचे ट्रे बसवले. फरशी धुण्याआधी बगॅसचा भुसा टाकून तेल टिपायचं आणि तो भुसा बॉयलरला द्यायचा. हे कुठल्या पुस्तकातून आलं नाही. मिलवरच्याच एका ऑइलमनने सुचवलं.

पाण्याचं काम मात्र लांबलं, आणि त्यावर भांडणंही झाली. जादा कंडेन्सेट थंड करून कूलिंग टॉवरला वळवायचं म्हणजे पाइप, पंप, टाकी, खर्च. शिवाय कंडेन्सेटमध्ये कधी कधी वाफेबरोबर रसाचे तुषार येतात, साखर आली की पाणी आंबतं. बॉयलरवाल्यांना ती धास्ती कायमची. लॅबमध्ये दर तासाला परीक्षानळीत अल्फा नॅप्थॉल आणि आम्ल घालून बघतात, जांभळं कडं उमटलं की साखर आहे. आम्ही ठरवलं की हीच चाचणी वळवलेल्या पाण्यालाही लावायची. कडं दिसलं तर पाणी ईटीपीकडे, नाही दिसलं तर टॉवरकडे. पहिल्या हंगामात अर्धंच जमलं. दुसऱ्या हंगामात एक दिवस चीफ इंजिनिअरांनी तलावावरची मोटर बंद करायला सांगितली आणि ती दुसऱ्या दिवशीही सुरू करावी लागली नाही. हंगाम सुरू करताना, सुरुवातीला भरण्यासाठी, पाणी लागतंच. पण गावाच्या पिण्याच्या योजनेचा आणि आमचा तलाव एकच होता, आणि उन्हाळ्यात गावात सरपंचांना तोंड देणं आमच्या चेअरमन साहेबांना सोपं झालं. दर सप्टेंबरअखेर मंडळाला जे पर्यावरण विवरणपत्र द्यावं लागतं, त्यात एकक उत्पादनामागे किती पाणी वापरलं तो रकाना असतो. तो आधी अंदाजाने भरला जायचा. आता मीटरच्या आकड्याने भरतो.

ऑडिट कधी करायचं

या प्रकरणातली जी गोष्ट दुसऱ्या कारखान्यांना उपयोगी पडेल असं मला सगळ्यात जास्त वाटतं, ती ही.

आमचं अंतर्गत ऑडिट दरवर्षी ऑगस्टमध्ये व्हायचं. सगळ्यांना तेव्हा वेळ असतो, मिल बंद, रजा संपलेल्या. ऑडिटर यायचे, कोरड्या गटारी बघायचे, रंगवलेले पंप बघायचे, वह्या तपासायचे. शेरे काय तर फलक पुसट झालाय, एक सही राहिलीय. ते खोटं नव्हतं. ऑगस्टमध्ये जे दिसतं तेच त्यांनी लिहिलं. पण साखर कारखान्याचा पर्यावरणाशी खरा संबंध येतो तो नोव्हेंबर ते मार्च, आणि त्यातही क्लीनिंगच्या रात्री दोन-तीनच्या सुमाराला.

आम्ही ऑडिट जानेवारीत नेलं, क्लीनिंगच्या दिवशी, रात्रपाळीला. विरोध झाला. गाळप बंद असताना माणसं कामात असतात, तेव्हा वही घेऊन मागे कुठे फिरता, हा आक्षेप मला समजतो. मग अट घातली की ऑडिटर कुणाला काम थांबवायला लावणार नाही, बघेल आणि सकाळी विचारेल. पहिल्याच रात्री आढळलं की कॉस्टिक टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडायला लागणारं हँडल जागेवर नव्हतं, दुसऱ्या विभागाने नेलं होतं, आणि पाळीतला माणूस जुन्या सवयीने गटारीच्या व्हॉल्व्हकडे वळला होता. हँडल आता साखळीने बांधलेलं आहे. ऑगस्टमधल्या शंभर ऑडिटांत ते सापडलं नसतं.

माणसांचा प्रश्न वेगळा. आमच्याकडे निम्मी माणसं हंगामी. मार्चमध्ये घरी जातात, ऑक्टोबरमध्ये येतात, काही येतच नाहीत. कायम कर्मचाऱ्यांना जूनमध्ये दिलेलं प्रशिक्षण जानेवारीच्या रात्री कामाला येत नाही. म्हणून बॉयलर पेटवायच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या पाळ्यांना इव्हॅपोरेटरखाली उभं करून दाखवायचं: हा व्हॉल्व्ह टाकीकडे, हा गटारीकडे, लाल रंगवलेला ईटीपीला विचारल्याशिवाय उघडायचा नाही. वर्गात बसवून स्लाइड दाखवत नाही. अप्पांच्या बाटलीतलं पाणी तेव्हाच ओतून दिलं. ते ठेवायला हवं होतं, अशी रुखरुख मला लागून आहे.

झालेली चूक आपणहून कळवणाऱ्याला मेमो मिळणार नाही, हे एमडी साहेबांनी गेट मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. लोकांचा विश्वास बसायला पूर्ण हंगाम गेला. पहिल्या दोन महिन्यांत एकही फोन आला नाही. मग एका रात्री अडीच वाजता आला, “साहेब, माझ्याकडूनच व्हॉल्व्ह चुकला, दहा मिनिटं गटारीत गेलं, बंद केलाय.” दहा मिनिटं म्हणजे टाकी अडवून, आम्ल घालून सामू सावरता येतो. जिवाणू वाचले. त्या माणसाला मेमो गेला नाही, आणि दुसऱ्या दिवशी ही गोष्ट कॅन्टीनमध्ये सगळ्यांना माहीत होती.

अजून न सुटलेलं

प्रक्रिया केलेलं पाणी आम्ही कारखान्याच्या मालकीच्या शेतात देतो. केंद्राच्या सांडपाणी मानकांत जमिनीच्या प्रकाराप्रमाणे मर्यादा आहे. चिकणमातीला रोज हेक्टरी 35 ते 55 घनमीटर. आमच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याचा जास्तीत जास्त आकडा, 2,500 टनांना 250 घनमीटर, धरला तर साडेचार ते सात हेक्टर काळी जमीन रोज लागते, आणि जमिनीला पाणी नको असेल तेव्हासाठी 15 दिवसांचा साठा, म्हणजे साडेसदतीस लाख लिटरचा तलाव. तलाव झाला. जमिनीचा प्रश्न उरला आहे. कॉस्टिक सोड्यातलं सोडियम ईटीपीत नाहीसं होत नाही. बीओडी कितीही खाली आणला तरी ते पाण्याबरोबर शेतात जातं, आणि काळ्या जमिनीत साठत गेलं तर जमीन चोपण होते. वर पांढरट थर, पाऊस पडला की घसरडा चिखल, वाळला की दगड. आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. कॉस्टिक पुन्हा वापरल्याने सोडियम घटलं, थांबलं नाही. या शेताच्या मातीची तपासणी आता दर उन्हाळ्यात होते आणि नव्या वहीत या नोंदीपुढे ‘महत्त्व: उच्च’ आहे. जिप्सम टाकणं सुरू आहे. पुरेसं आहे का, ते मातीच सांगेल.

आणि अप्पांची विहीर. त्या वर्षी उपसून काढली, पावसाळ्यात पुन्हा भरली, पुन्हा उपसली. हंगामात दर पंधरा दिवसांनी मी स्वतः नमुना घ्यायला जायचो, अप्पांसमोर बाटली भरायची, एक त्यांच्याकडे ठेवायची, एक लॅबला. वास पहिल्या पावसाळ्यानंतर गेला. क्षार सावकाश उतरत होते. त्या आकड्यांवर अप्पांचा फार भरवसा नव्हता, ते त्यांच्या पद्धतीने तपासायचे. तिसऱ्या हंगामात एकदा गेलो तर बादली काठावर ठेवून ते बैल सोडायला गोठ्यात गेलेले. मी बाटली हातात घेऊन थांबलो. खोंड आलं, बादलीत तोंड घातलं, वर काढलं, आणि पुन्हा घातलं.

“भरा तुमची बाटली,” अप्पा म्हणाले.